बुधवारी चार ते पाच

लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये लांबून शिरून तो दुरुस्त करणं, ही माझी नोकरी. एका मोठ्या कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही बारा जण कानाला हेडफोन लावून बसतो. कुठल्यातरी शाखेतून कुणाचातरी फोन येतो, "अहो, सगळं गेलं!" सगळं कधीच गेलेलं नसतं. एखादी खिडकी दुसऱ्या खिडकीमागे लपलेली असते, नाहीतर प्रिंटरला कागद नसतो. मी त्यांच्या स्क्रीनवर जाते, दोन मिनिटांत काम उरकते आणि त्यांनी स्वतःच काय करून ठेवलं होतं ते शक्यतो सांगत नाही. वीस वर्षांत एवढा संयम मी शिकले आहे.

आत शिरायचे आमच्याकडे तीन प्रकार आहेत. पहिल्यात समोरच्याची स्क्रीन नुसती दिसते, हात लावता येत नाही. दुसऱ्यात समोरच्याने 'हो' म्हटल्यावर त्याचा माऊस आपल्या ताब्यात येतो. तिसऱ्यात समोर कुणी बसलेलं नसलं तरी चालतं. एकदा पासवर्ड ठरवून ठेवला की केव्हाही आत जा, केव्हाही बाहेर या. हा तिसरा प्रकार कुलूपबंद खोल्यांतल्या यंत्रांसाठी असतो. माणसाच्या कॉम्प्युटरला तो लावायचा नाही, असा आमचा नियम आहे. आमचे साहेब, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो, हा नियम दर सहा महिन्यांनी आमच्याकडून घोकून घेतात.

मी हा तिसरा प्रकार माझ्या बाबांच्या कॉम्प्युटरला लावला होता.

बाबा सत्याहत्तर वर्षांचे. जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला, आणि गेली एकतीस वर्षं एका साप्ताहिकाचं शब्दकोडं ते करतात. आई गेल्यापासून एकटेच राहतात. त्यांच्या आणि माझ्या घरात नऊ तासांच्या प्रवासाचं अंतर. दोन वर्षांपूर्वी साप्ताहिकाने कळवलं की यापुढे कोडं कागदावर नको, कॉम्प्युटरवरून पाठवा. तेव्हा मी त्यांना फोनवरून शिकवायला घेतलं. "स्क्रीनवर काय दिसतंय?" असं विचारलं की ते म्हणायचे, "माझं तोंड." स्क्रीन बंद असायची. महिनाभर असा छळ सोसल्यावर मी एकदा जाऊन सगळी जोडणी करून दिली आणि म्हटलं, "अडलं तर मी तिकडूनच येऊन करून देत जाईन." ते म्हणाले, "ये की. घर तुझंच आहे." पुढे जे काही केलं, ते सगळं मी या एका वाक्याच्या पांघरुणाखाली केलं.

साडेचार महिन्यांपूर्वीची गोष्ट. बुधवारची दुपार होती. कॉम्प्युटर एकदा बंद केला की पुन्हा सुरू होणार नाही अशी बाबांची पक्की समजूत असल्यामुळे तो कायम चालूच असतो. चार ते पाच ते फिरायला जातात, तेवढ्यात काही किरकोळ दुरुस्त्या उरकाव्यात म्हणून मी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवरून आत गेले. समोर कोडं उघडं होतं. गुरुवारी दुपारी ते पाठवायचं असतं, म्हणजे जवळजवळ तयार असणार. सहज नजर फिरवली आणि आडवा चौदावर अडकली. तीन घरांचा शब्द. वरून येणाऱ्या उभ्या शब्दांप्रमाणे पहिल्या घरात 'क' यायला हवा होता आणि शेवटच्या घरात 'ळ'. बाबांनी तिथे लिहिलं होतं, 'चपला'. संकेताची जागा कोरी.

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने गोल केल्या, लग्नपत्रिकेतलासुद्धा ऱ्हस्वदीर्घ सोडला नाही, तो असलं काही लिहितो? छापून आलं तर वाचकांची पत्रं येणार. साप्ताहिकाचा संपादक नवा, चुणचुणीत आहे. अतिशय नम्रपणे बाबांना 'आता विश्रांती घ्या' म्हणणार. आणि कोडं गेलं तर बाबांजवळ राहतं काय? मी 'चपला' खोडून 'कमळ' लिहिलं. संकेत लिहिला, 'चिखलात राहूनही स्वच्छ'. बाहेर पडले. कुणीतरी येऊन गेलं अशी एक छोटी सूचना नंतर स्क्रीनवर येते, तीही कायमची बंद करून टाकली. म्हटलं, उगाच घाबरतील.

पुढच्या बुधवारी पुन्हा गेले, फक्त बघायला. दोन शब्द चुकलेले. एका जागी 'खिडकी', एका जागी 'बादली', आणि दोन्हींचा शेजारपाजाराशी काही संबंध नाही. तेही नीट केले. मग दर बुधवारी माझा चहा टेबलावर गार व्हायला लागला. कधी एक चूक, कधी तीन. संकेत लिहायला मला बाबांच्या जुन्या कोड्यांची कात्रणं काढावी लागली, त्यांची ढब उचलावी लागली, आणि खरं सांगायचं तर त्यात मला मजा येऊ लागली. छापून आलेलं कोडं पाहून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत असे. दर रविवारी फोनवर बाबा हवापाण्याचं बोलत आणि मी त्यांच्या आवाजात कुठे विसराळूपणा जाणवतो का ते ऐकत असे. बापाला आपण झेलून धरलंय, या समजुतीवर माझे महिने छान चालले होते.

मागच्या मंगळवारी ऑफिसच्या वेळेत त्यांचा फोन आला. असा ते कधीच करत नाहीत.

"वेळ आहे का तुला? पाच मिनिटं."

"बोला ना बाबा."

"पुढच्या महिन्यापासून कोडं बंद करतोय. संपादकाला पत्र लिहून ठेवलंय. आणि एक जागा पाहिलीय राहायला. विसरायला लागलेल्या माणसांसाठी असते तशी. स्वच्छ आहे. परवा सकाळी तिथल्या बाई कागद घेऊन येणार आहेत, सही केली की महिनाअखेर जायचं. घर सोडायचं म्हणजे तुझ्या आईचं सामान काय करायचं, तेवढं विचारायला फोन केला."

मी हेडफोन काढून जिन्यात गेले. "बाबा, असं काय विसरलात तुम्ही?"

"ऐक. मी कोडं कसं करतो तुला माहीतच आहे."

"आहे की," मी म्हटलं. मला काडीचंही माहीत नव्हतं.

"एखादा शब्द अडला की मी तिथे खुंटी ठोकतो. समोर दिसेल ती वस्तू लिहून टाकायची. चपला, बादली, काहीही. तेवढी घरं भरली की डोळ्याला खुपत नाहीत, पुढचं रचता येतं. बुधवारी खुंट्या ठोकायच्या, फिरून यायचं, रात्री शब्द डोक्यात घोळवायचे आणि गुरुवारी सकाळी चहा घेऊन एकेक खुंटी उपटायची. एकतीस वर्षं हेच चाललंय. कागदावर पेन्सिलीने करायचो, आता यावर करतो. गुरुवारची सकाळ हीच माझी खरी मजा."

मी जिन्याच्या पायरीवर बसले.

"तर काही महिने झाले, गुरुवारी उघडावं तर खुंट्या नाहीत. शब्द बसवलेले, संकेत लिहिलेले. घरात मी एकटा. म्हणजे मीच केलं असणार ना? पण केव्हा केलं, काही म्हणता काही आठवत नाही. सगळा तुकडाच गायब. आणि संकेत तरी कसले? अगदी गुळमुळीत. 'चिखलात राहूनही स्वच्छ'! शाळकरी पोर लिहील असले. म्हटलं, स्मरण गेलं ते गेलं, बुद्धीलाही गंज चढला."

हे ऐकताना मला त्याही अवस्थेत क्षणभर राग आला, हे कबूल करते.

"डॉक्टरांकडे गेलात?"

"दोनदा. घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. ते सगळं चोख जमलं. पण कोड्याचं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, एकटे राहू नका. आज कोडं करून विसरताय, उद्या गॅस सुरू करून विसराल. बरोबरच आहे त्यांचं." मग म्हणाले, "तू घाबरू नकोस. मला काही दुखत नाही."

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "बाबा, मला दुसरा फोन येतोय, उद्या बोलते." दुसरा फोन नव्हता. भित्रेपणाला इतकं साधं कारण पुरतं, हे मला त्या दिवशी कळलं.

जिन्यातून थेट मास्तरांच्या टेबलाशी गेले आणि सगळं भडाभडा सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ते रागावले की असंच करतात.

"माणसाला तिसरा प्रकार लावलास?"

"वडील आहेत माझे."

"मग माणूस नाहीत?"

त्यांनी चष्मा घातला. "आता काय करणार?"

"सांगणार. चुकले म्हणणार. अजून काय करू?"

"ते ऐकून घेतील. विश्वास ठेवतील का?"

"का नाही ठेवणार?"

"अगं, बापाला धीर यावा म्हणून लेक वाटेल ते बोलते, हे कुठल्याही बापाला ठाऊक असतं. नुसतं बोलू नकोस. नोंद दाखव. तू कधी आत गेलीस, कधी बाहेर आलीस, सगळं तुझ्या लॅपटॉपवर लिहिलेलं असेल." मी वळले तशी ते म्हणाले, "आणि हे निस्तरलं की इथल्या नियमाबद्दल आपण सावकाश बसून बोलू."

बुधवारी मी अर्धी रजा टाकली. घरी येऊन खोलीचं दार लावलं, लॅपटॉप उघडला आणि पावणेचारला बाबांना फोन केला, फिरायला जाऊ नका म्हणून. मग लाज, माफी, कारणं, सगळं उलटसुलट क्रमाने ओतलं. तुमच्या खुंट्या मला चुका वाटल्या. मी दर बुधवारी आत शिरत होते. शब्द मी बदलले, संकेत मी लिहिले. तुम्हाला काहीही झालेलं नाही. उद्या सही करू नका.

बाबा फार मायेने बोलले.

"किती गुणाची आहेस गं. रात्रभर विचार करून हे शोधून काढलंस ना?"

"बाबा, खरं सांगतेय मी!"

"असू दे. तुझ्या आईला शेवटी मी रोज सांगायचो, तुझे रिपोर्ट चांगले आलेत म्हणून. कळतं मला. माझ्यावर नको करूस ते."

मास्तरांच्या अकलेला मी मनातून हात जोडले. "बरं, ठीक आहे. कॉम्प्युटरपुढे बसा. आज मी तुमच्याकडे येत नाही, तुम्ही माझ्याकडे यायचं. मी आकडे सांगते, ते तेवढे टाका."

त्यांनी नऊ आकडे एकेक मोठ्याने म्हणत टाकले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. मग त्यांच्या स्क्रीनवर माझी स्क्रीन उघडली. मी नोंदींचं पान समोर आणलं. वरपासून खालपर्यंत ओळी. त्यांच्या कॉम्प्युटरचं नाव, तारीख, जोडल्याची वेळ, सोडल्याची वेळ. चार वाजून सात मिनिटं ते चार एकतीस. चार वाजून दोन मिनिटं ते चार चाळीस. सगळे बुधवार.

"जरा खाली सरकव," बाबा म्हणाले. मी सरकवलं. "अजून." मुद्रितं वाचताना ते असेच ओठांतल्या ओठांत पुटपुटत. "एकोणीस आहेत," शेवटी म्हणाले.

"हो."

"थांब. आता तू माझं बघ. कसं करायचं ते सांग. पण फक्त बघायचं. माऊस माझ्या हातात राहील."

मी बटणं सांगितली, त्यांनी दाबली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः होऊन मला स्क्रीन दाखवली. कोपऱ्यातली 'रोज' नावाची फाईल त्यांनी उघडली. ती मी कित्येक आठवडे तिथे पाहत होते आणि कधीच उघडली नव्हती. दुसऱ्याचं खाजगी वाचायचं नाही, एवढी सभ्यता आपल्यात आहे म्हणून मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. कोड्यात बिनदिक्कत नाक खुपसणारी मी, जे एकदा वाचलं असतं तर सगळं वेळीच थांबलं असतं, तेच नेमकं सोडून देत होते.

बाबांनी पान हळूहळू वर नेलं. मी वाचत गेले.

'सकाळी सात. उठलो. तारीख बरोबर आठवली. गॅस बंद, दोनदा पाहिला.'

'गुरुवार. कोडं झालेलं होतं. मीच केलं असणार.'

'दाराला कुलूप लावलं. फाटकापासून परत जाऊन पाहिलं. लावलेलं होतं.'

'गुरुवार. पुन्हा तेच. काल तीन वाजता स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवली होती, 'इथे खुंटी आहे'. चिठ्ठी आहे, खुंटी नाही. घाम फुटला.'

'लहानपणच्या वर्गातल्या सगळ्यांची नावं लिहून काढली. बत्तीसपैकी तीस आली. दोघं कोण?'

'मुलीला सांगायचं नाही. नोकरी सोडून इथे येऊन बसेल.'

'त्या निवासाची खोली पाहिली. खिडकी लहान आहे. चालेल.'

मला पुढचं दिसेना. मी चष्मा काढून डोळे पुसत होते, तोवर बाबांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली होती. त्यांच्या गुरुवारासमोर माझा आदला बुधवार. एक जोडी झाली की पुढची. एकही ओळ सुटली नाही. आयुष्यभर मूळ प्रत आणि मुद्रित ताडून पाहिलेला माणूस तो. एकोणिसावी जोडी जुळल्यावर त्यांनी माऊस सोडला.

"बाबा?"

"मी रोज सकाळी डोळे उघडल्यावर आधी स्वतःचं नाव मोठ्याने म्हणत होतो, बाईसाहेब," ते म्हणाले. "आधी नाव. मग तुझ्या आईचं नाव. मग तुझं. तिन्ही आली की मगच अंथरुणातून उठायचो."

चुकले, मी म्हटलं. ते मी आधीच दहा वेळा म्हणून झालं होतं.

"मला विचारायला काय झालं होतं तुला? 'बाबा, ही चपला इथे कशाला' एवढं विचारायचं. मी हसलो असतो. तुला खुंटीची गंमत सांगितली असती."

"तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं."

"मग नाही वाटलं का?" आता आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो ऐकला नव्हता. "आणि चौदा आडव्याला 'कमळ'? मला तिथे 'कपाळ' आणायचं होतं. संकेतही ठरला होता डोक्यात. पुढच्या चार शब्दांची गंमत त्यावर उभी होती. सत्यानाश केलास!"

"हो बाबा."

"हो बाबा काय? ते तिसरं जे काय लावलंयस, ते काढायचं कुठून? तू नाही काढायचंस. मी काढणार. तू नुसतं सांग."

मी सांगत गेले, ते शोधत गेले. चुकीच्या जागी दाबलं, परत आले, मला ओरडले, पुन्हा गेले. दोन सेकंदांचं काम, त्याला बारा मिनिटं लागली. शेवटी त्या तिसऱ्या प्रकारापुढची बरोबरची खूण निघाली. त्यांनी दुसऱ्या फोनवरून त्या निवासातल्या बाईंना कळवलं की उद्या यायची तसदी घेऊ नका, काही गैरसमज झाला होता. ते बोलणं मला माझ्या फोनवर ऐकू येत होतं. आवाज खणखणीत होता. बाईंनी काय झालं ते विचारलं असावं, कारण ते म्हणाले, "घरचाच मामला आहे."

परत येऊन ते खुर्चीत बसले. त्यांची स्क्रीन अजून मला दिसत होती. ती बंद कशी करायची ते मी सांगितलं नव्हतं आणि सांगायचा धीरही होत नव्हता. त्यांनी 'रोज' पुन्हा पुढे आणली, अगदी शेवटी गेले आणि एका बोटाने टाईप करायला लागले. अक्षरं एकेक उमटत होती. मधे एक काना जास्त पडला, माझा हात शिवशिवला, त्यांनी तो स्वतःच सावकाश खोडला. मग पुढे लिहिलं.

'बुधवार. डोकं शाबूत आहे. मुलीचा भयंकर राग आला आहे.'

बोट थांबलं. मला वाटलं झालं. मग खाली नवी ओळ सुरू झाली.

'फार बरं वाटतंय.'